दोन बोटं जागा

आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. आजोबा मिशनच्या मळ्यात मोट हाकायचे, त्यांना सही येत नव्हती, आजीलाही नाही, बाबा सातवी आणि आई चौथी, म्हणजे शिक्षण म्हणाल तर आमच्या घरात बायबल वाचता येण्यापुरतं. बाबा मुंबईला आले ते काकाला, म्हणजे धाकट्या भावाला, बरोबर घेऊन, आणि दोघं एका बोर्ड पेंटरच्या हाताखाली लागले. काकाला ते जमलं नाही, तो वाकोल्याला रिक्षा चालवायला लागला. बाबांना जमलं. दुकानांच्या पाट्या, टेम्पोवरची नावं, गोरेगावच्या स्टुडिओत सेटमागचे पडदे, डोंगर म्हणा, राजवाडा म्हणा, संध्याकाळचं आभाळ म्हणा, हात असा होता की काय सांगू तुम्हाला. अंधेरी पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांमागे आमची खोली, पोटमाळ्यावर रंगाचे डबे, आमच्या चपात्यांनासुद्धा टर्पेंटाइनचा वास यायचा.

मग फ्लेक्स आला आणि बाबांची वाट लागली. बघता बघता पाट्या गेल्या, स्टुडिओतही कापडाऐवजी छापील माल आला. आई एका प्रसूतिगृहात आया होती, तिच्या पगारावर घर. संध्याकाळी भाजीवाला उठायच्या वेळी जायचं आणि उरलेली पिवळी मेथी आणायची. शाळेत मी वरच्या वर्गातल्या पोरीचा जुना गणवेश घालायची, आणि ती पोरगी मधल्या सुट्टीत मला बोट दाखवून म्हणायची, तो माझा आहे. हे मी विसरलेली नाही, विसरणारही नाही.

आता पडद्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच अडलं. तो फ्लेक्सच्या आधीचा, मी पाळण्यात होते तेव्हाचा. एक ब्रदर होते, नाव नको, सगळे ब्रदरच म्हणायचे, त्यांची वेगळी मंडळी, म्हणजे त्यांचं स्वतःचं चर्च, भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. ते बाबांना म्हणाले, पेंटर, शेवटच्या काळाचा तक्ता करा, मागच्या खुर्चीवरून वाचता आला पाहिजे. बाबांनी मांजरपाटाला सरस आणि सफेदा लावून स्टुडिओतल्यासारखा लांब पडदा केला. डाव्या टोकाला एदेन बाग, मधे क्रूस, क्रूसानंतर लांबलचक पट्टा म्हणजे मंडळीचा काळ, आपला, मग वर ढगांत जाणारा जाड निळा बाण, म्हणजे प्रभू येणार आणि विश्वासणाऱ्यांना उचलून नेणार, बाणाच्या पलीकडे सात वर्षांचं महासंकट, त्यात सात डोक्यांचं श्वापद, आणि उजवीकडे हजार वर्षांचं राज्य. आणि बाणाच्या अलीकडे एक लाल ठिपका, खाली अक्षरं, आपण येथे आहोत. ठिपका आणि बाण ह्यांच्यामधे जागा किती, तर दोन बोटं.

काही वर्षं गेली की तो पडदा आमच्या घरी यायचा, कारण ब्रदरांचा हिशोब बदललेला असायचा. श्वापदाच्या डोक्यावर आधी एका देशाचा झेंडा होता, तो गेला आणि दुसऱ्याचा आला, मग तिथं कॉम्प्युटर आला. चुकलो, असं ब्रदर कधी म्हणाले नाहीत, प्रभूनं अधिक प्रकाश दिला म्हणायचे. बाबा जुन्यावर सफेदा मारायचे, बाण जरा उजवीकडे, ठिपका जरा उजवीकडे. ठिपका मी भरायची. बाबा म्हणायचे, रूथ, रेघेबाहेर जाऊ नको हां.

काम म्हणूनच करायचे ते आधी. पण काम सुटल्यावर दारात कोण आलं, तर ब्रदरच आले, रोज आले, शेजारी बसले, प्रार्थना केली. तेवढं श्रेय त्यांना आहे, ते मी देते. पण तेव्हापासून बाबांनी आपणच रंगवलेला पडदा खरा मानला. आपल्याच हातानं सरकवलेला बाण! मला कळत नाही, आजही कळत नाही.

काकाची मंडळी वेगळी. त्यांच्यात बाण महासंकटाच्या नंतर. काका यायचा आणि सरळ बाबांना डिवचायचा, काय रे दादा, संकट न सोसताच वर जाणार? फुकट्यांनो! बाबा म्हणायचे, मंडळी ही प्रभूची वधू आहे, कुठला नवरा आपल्या वधूला मार खायला मागं ठेवील? काका म्हणायचा, मग पहिल्या ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढं टाकलं ते काय वऱ्हाडी होते? एका नाताळाला ह्याच्यावरून इतकं पेटलं की काकानं आमच्याकडच्या करंज्या ताटासकट परत पाठवल्या. सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि भांडण कशावरून, तर बाण रेघेच्या अलीकडे की पलीकडे. काकानं संकटासाठी पिंपात तांदूळ भरून ठेवला, मेणबत्त्या, आगपेट्या, मीठ. तांदळाला पोरकिडे लागले तरी काकू निवडून परत भरायची. आणि आमच्याकडे, आधीच वर जायचं म्हणून, उद्याचा तांदूळ नाही.

मला शिसारी कशाची आली ते सांगते. प्रभूची नाही. कुठं भूकंप झाला, कुठं युद्ध लागलं की ह्या लोकांच्या तोंडावर तेज यायचं. एकदा टीव्हीवर ढिगाऱ्याखालून लहान लेकरं काढत होते आणि आमच्या खोलीत एक बाई म्हणाली, हालेलूया, चिन्हं पुरी होतायत. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो तिच्यापुढं धरला नाही, मोरीत नेऊन ओतला.

मी बारावी झाले, बरे मार्क पडले, कॉमर्सला जायचं मी आणि आईनं ठरवून टाकलं होतं. तर बाबा म्हणाले, नको. पडदा तेव्हा दुरुस्तीला घरीच होता, भिंतीवर वाळत. मला त्याच्यापुढं उभं केलं आणि म्हणाले, हे बघ, आपण इथं, बाण इथं, मधे दोन बोटं. तीन वर्षांचं कॉलेज ह्यात मावतं का तूच सांग. आणि ब्रदरांनी सांगितलंय, तरुण पोरांनी शिक्षण सोडून सेवेला यायचं, घरोघरी पत्रकं वाटायची, येत्या रविवारी तुझ्यावर हात ठेवून तुला प्रभूला वाहणार. मी रडले, भांडले. त्यांना राग आला असता तर बरं होतं, ते शांतपणे म्हणाले, बाळा, वर जाताना पदवी बरोबर येत नाही.

आई जुन्या मिशनच्या चर्चला जायची, तिनं कधी ते सोडलं नाही. मी तिथल्या पाळकांकडे गेले. शिकलेले गृहस्थ. म्हणाले, हजार वर्षं म्हणजे मोजायची वर्षं नव्हेत, ती प्रतिमा आहे, ख्रिस्ताचं राज्य आत्ताही चालूच आहे, तक्ते काढणं हा अडाणीपणा. मी म्हटलं, मग तुम्ही बाबांना सांगा. तर म्हणाले, दुसऱ्या मंडळीच्या कारभारात मी कसा पडू? चहा घेणार का? नाही घेतला. ह्यांचा अर्थ बरोबर असेलही, पण त्या अर्थानं माझं कॉलेज वाचणार नव्हतं.

रविवार उजाडला. आई रात्रपाळी करून तशीच हॉलवर आली, निळी साडी, हाताला डेटॉलचा वास. नेहमीच्या भिंतीला ओल आली होती म्हणून पडदा त्या दिवशी पूर्वेच्या खिडक्यांवर टांगलेला. गाणी झाली, प्रार्थना झाली, मला पुढं बोलावलं, ब्रदरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमागून ऊन वर आलं.

सगळा पडदा आतून उजळला आणि सफेद्याखालचं जुनं वर आलं. एका बाणाच्या डावीकडे दुसरा बाण, त्याच्या डावीकडे तिसरा, चौथा. श्वापदाच्या डोक्यावर झेंड्यात झेंडे, त्यात कॉम्प्युटर. आणि ठिपके, माझे ठिपके, ओळीनं काळे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, मागून कुणीतरी हसलं. ब्रदरांनी हात काढला आणि म्हणाले, पेंटरनं रंग हलका वापरला, खिडक्या लावून घ्या. आणि बाबा उठले. हात जोडून म्हणाले, चूक माझी आहे, माफ करा. त्या क्षणी मला ब्रदरांपेक्षा बाबांचीच जास्त किळस आली, खोटं कशाला सांगू.

आई पुढं आली. तिनं पहिल्या ठिपक्यावर आपली दोन बोटं टेकवली, बोटांच्या पलीकडे बरोबर बाण. दुसऱ्या ठिपक्यावर टेकवली, पलीकडे बाण. तिसऱ्यावर, चौथ्यावर. मग बाबांकडे वळून म्हणाली, आवं, ही रूथ पाळण्यात व्हती तवा बी दोनच बोटं व्हती की. ती केवढी झाली बघा, अन् ही जागा हाय तेवढीच.

ब्रदर म्हणाले, बहिणी, प्रभू चोरासारखा येईल, तेव्हा तयार असायला नको का? आई म्हणाली, असावं की. पण दोघी जात्यावर दळत असतील, एकीला नेईल, एकीला ठेवील, असं त्यानंच सांगितलंय ना? मग त्या दळत व्हत्या, ब्रदर. दळण सोडून आभाळाकडं बघत बसल्या नव्हत्या. त्याला यायचं तवा येऊ द्या, माझी लेक त्याला कॉलेजात सापडंल. चल गं. आणि माझा हात धरून बाहेर. जिन्यात मला म्हणाली, कुठं बसायला मिळतं का बघ.

बाबा संध्याकाळी आले. जेवताना एकदम विचारलं, किती वर्षं असतं ते? मी म्हटलं, तीन. त्यांनी आपली दोन बोटं जुळवून बघितली, खाली ठेवली आणि भाकरी मोडली. पडद्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

ब्रदरांचं काही अडलं नाही म्हणा. आता बोरिवलीला मोठा हॉल आहे, एलईडी स्क्रीन आहे, बाण एका बोटानं सरकतो. श्वापदाच्या डोक्यावर ओळखपत्र येऊन गेलं, लस येऊन गेली, हल्ली पैसे भरायचा चौकोनी कोड आहे. मागून कितीही ऊन येऊ द्या, खालचं काही दिसत नाही. माणसं आमेन म्हणतात आणि बाहेर पडून त्याच कोडवर वडापाव घेतात. वीट आलाय मला. प्रभू येणार हे मीही मानते, रोज म्हणते, पण त्याच्या येण्याला फुटपट्टी लावून दुसऱ्यांच्या पोरांचं आयुष्य मोजणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

काका आणि बाबांचं अजून सरळ बोलणं नाही. नाताळला फराळ मी नेते. काका मला विचारतो, काय गं, तुझा बाप गेला नाही का अजून वर? आणि बाबा निरोप देतात, त्याला म्हणावं, तांदळाला ऊन दाखव. आई निवृत्त झाली, गुडघे गेलेत, देव तिला सुखात ठेवो.

मी गोरेगावच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. आम्ही नव्या खोलीत आलो तेव्हा बाबांनी न सांगता पत्र्याची पाटी केली, पांढऱ्यावर काळी अक्षरं, एकाच हातात लिहिली, त्यावर परत ब्रश फिरवला नाही. रूथ शांतवन साळवे, बी.कॉम. ती दारावर आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.