कळीतलं कवच

रामनिवास: ...सरळ सांगतो, चांगुणाबाई. उद्यापासून माझ्या कपाशीच्या संकरित बियाण्याच्या प्लॉटवर तू येऊ नको. बाकीच्या बायांची बोंडं बराबर धरली, तुझी सगळी गळून राह्यली. हात बिघडला तुझा.

चांगुणाबाई: शेठ, दोन सालांपासून हेच करून राह्यले. सांजच्याला मादीच्या ओळीतली कळी सोलून तिचं केसर काढायचं, सकाळी नराच्या ओळीतलं फूल तिच्यावर फिरवायचं. हात तोच हाय.

रामनिवास: मंग बोंड का धरत न्हाई?

बेबीनंदा: शेठजी, तेच बघायला मी परतूरच्या शाळेतून सूक्ष्मदर्शक मागून आणला. माय नराची फुलं नाल्याकडच्या ओळीतून घेते, बाकीच्या बाया विहिरीकडून. दोन्हीकडच्या कळ्या आणल्यात मी.

रामनिवास: मास्तरीण झालीस तरी मायचीच बाजू घेणार तू.

बेबीनंदा: माझं ऐकू नका, तुम्ही स्वतः बघा. पण आधी माय बघेल.

(चांगुणाबाईनं हात पुसले, नळीला डोळा लावला. काही वेळ तिला नुसता उजेडच दिसला.)

बेबीनंदा: ही विहिरीकडची कळी, ज्वारीच्या दाण्याएवढी होती. काय दिसतं?

चांगुणाबाई: चार गोळे. एका पिशवीत दाटीनं बसल्यावाणी.

बेबीनंदा: ते परागाचे कण. पुढं पिशवी विरघळते, कण सुटे होतात. आता ही जरा मोठी कळी.

चांगुणाबाई: सुटले गं. अंगावर बारीक टोकं फुटून राह्यली.

बेबीनंदा: कवच चढतंय. कणांच्या भोवती पेशींचा एक थर असतो, तो कवचाचा मसाला पुरवतो. पुरवून झाला की स्वतः विरून जातो. आणि हे आज उमललेलं फूल.

चांगुणाबाई: बाई गं. केवढा गोल. चहूकडून काटे, सगळे सारखे. माझ्या बोटाला लागते ती पिवळी भुकटी ही?

बेबीनंदा: तीच. हे कवच तेजाबातही सहजी विरत नाही. मातीत पडलं तर हजारो वर्षं टिकतं.

चांगुणाबाई: आन् मी रोज लुगड्याला पुसून टाकते.

रामनिवास: नाल्याकडचं दाखव.

बेबीनंदा: या, बघा.

रामनिवास: हे तर चिपाडं दिसून राह्यली. चुरगळलेली. काटे न्हाईतच.

बेबीनंदा: पोसणारा थर आधीच वाळून गेला असावा, कवच चढलंच नाही. कशानं वाळला ते मला सांगता येणार नाही. पण असल्या परागानं बोंड धरत नाही, कोणाच्याही हातानं.

रामनिवास: म्हंजे हात बराबर होता.

चांगुणाबाई: ती ओळ सोडून द्या, शेठ. उद्या मी विहिरीकडची फुलं घेते.

रामनिवास: घ्या. जल्दी या पण, ऊन चढायच्या आत.

चांगुणाबाई: कळी मिटलेली. आत कोणी बघाया जात न्हाई. तरी एक काटा वाकडा न्हाई, बेबे.

रामनिवास: जरा सरका, चांगुणाबाई. विहिरीकडचं मलाही पाहू द्या.