चुलत्याचा दाखला

हॅलो? … व्हय, स्वप्नालीच बोलतीया. कोण?

… कोण आकाराम?

… काका? नेसरीचं?

… न्हाई, आवाज न्हाई वळकला. अकरा वर्षांनी कसा वळकंल?

… बरी हाय. व्हय, उचगावातच, वसतिगृहात. तुम्हीच सोडून गेलासा की, पत्ता काय इचारताय?

… ते ऱ्हाऊ दे. नर्सिंगला नंबर लागलाय माझा. परवापतोर जातीच्या दाखल्याच्या अर्जाची पावती लावली न्हाई तर जागा गेली. अर्जाला बापाकडच्या माणसाचा शाळेचा दाखला लागतोय, आन माझ्या बापानं शाळा बघितलीच न्हवती. म्हणून तुमचा मागितला. काकीनं सांगितलं न्हाई तुम्हाला?

… अनाथाचा दाखला? त्यो मला कोण देणार? आई जिवंत हाय की. दुसरं घर केलंय तिनं, मेली न्हाई.

… हां, तुमचा देतासा. पण आधी सही.

… व्हय, मिळाला मोबाईलवर. हक्कसोडीचा कागद. बापाच्या वाटणीचं रान मी राजीखुशीनं तुम्हाला सोडलं, असा.

… कुणी कान भरल्यात? वाचता येतंय मला.

… काका, ऐका… आधी ऐका की. काकीच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी. नेसरीच्या शाळेत दोन हेलपाटं घातलं. मास्तरांनी रजिस्टर चाळलं, तुमचं नावच न्हाई. चुलता हितं शिकलाच न्हाई, म्हणालं. मग कुठं शिकला, ते घरातलं कुणी सांगंना. तुम्हीच गप बसवलासा सगळ्यांना.



… सांगतीया की. कागदाची सगळी पानं वाचली मी. शेवटच्या पानाला, ओळख म्हणून, तुमचा शाळेचा दाखला जोडलाय. वकिलानं जोडला आसंल. तुम्ही न बघताच धाडून दिलासा. तुमच्या आजोळच्या शाळेचा. रजिस्टर नंबरासकट.

… आता मोबाईलवरनं पुसून काय उपेग? आमच्या तानाबाई, वसतिगृहाच्या बाई, पहाटंच्या एस्टीनं गेल्या तिकडं. शाळेनं रजिस्टराचा उतारा दिला. आताच फोन आलता त्यांचा.

… सही न्हाई करणार.

… द्या शिव्या. ऐकतीया.

… माजली म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. सात वर्षांची हुते मी. गेटात उभी करून म्हणलासा, चार दिसांत न्यायला येतो. दिवाळीला पोरींचं कोण ना कोण यायचं. मामा, मावशी, शेजारीण तरी. मी दिवसभर गेटाकडं तोंड करून बसायची. तुमचा राग यायचा न्हाई तवा. मलाच वाटायचं, माझंच काय तरी चुकलंय. आता येतोय राग. लई येतोय.

… जेवायला? कुठं, तुमच्याकडं?

… नगं.

… व्हय. रक्ताची हाय. 'तू आमचीच पोर' म्हणताय… व्हय की काका, तेच लिहिलंय कागदावर. 'मयत भावाची एकुलती एक मुलगी.' खाली तुमची सही.

… न्हाई, रडत न्हाई.

… मला पोर म्हणायला तुम्हाला रान लागलं, काका. ठेवतीया.