चार खटके मागं

थांबा हो ताई, चहा ऱ्हाऊ द्या, आधी हे लिहून घ्या, आत्ताच्या आत्ता सांगायचंय मले, कालपासून पोटात मावत नाही.

मी शीतल, गाव सावद्याजवळ, वय तेवीस, अन् आमची पिकअप माझ्याहून एका वर्षानं मोठी. आबा, म्हंजे माझे वडील, जल्मभर केळीचे घड वाहेल मानूस. लहानपनी मी मागं केळीच्या पानांवर झोपायची. आई म्हने पोटात व्हती तव्हाबी गाडीतच फिरेल, म्हनून तुले एका जागी बसवत नाही. आई शिरपूरकडची, तिची बोली अलग, सगळ्याले बठ्ठं म्हने, दिवसातून दहादा म्हने, बस ना माय एक घडी, बठ्ठं गाव तुलेच आवरनं शे का?

तर काय सांगू तुम्हाले, औंदा आबा पडले अन् उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पन पकड गेली, पाना धरवत नाही. काका म्हने विकून टाक भाऊ गाडी, पोरगी काय डोंगरातल्या पाल गावचा घाट उतरवील? गिऱ्हाईकबी त्यानंच पाह्यलं. आबा म्हने, पालहून आत्याचं सामान खाली आनायचंय, ते शीतल आनील, मग पाहू. झालं, मले तर जेवन जाईना.

आता आमच्या जुन्या गाडीचा मागचा ब्रेक हातानं बसवा लागतो. चाक जॅकवर उचलायचं, मागून बारीक भोक असतं, त्यातून पेचकस घालायचा, आत दात्यांची चक्री, ती खट खट फिरवली का लायनर, म्हंजे ब्रेकच्या पट्ट्या, चाकासोबत फिरनाऱ्या ड्रमकडं सरकतात. चाक जाम झालं का चार खटके मागं. मग चाक हातानं फिरवायचं, आबा डोळे मिटून ऐकतात, हलकं खर्र आलं का म्हनतात, बस्स.

काल सकाळी आबा मनगट दाखवाले दवाखान्यात गेले, मले दम कुठं, म्हटलं येस्तोवर करून ठेवते. धोंडा लावेल व्हता तरी भेव वाटलं, गाडी जॅकवरून सरकली तर? म्हनून हँडब्रेक ओढला. काळजी घेतली म्हना ना! मग चाक हलेना. मले वाटलं लायनर लई घट्ट झाले, चक्री उलटी फिरवली, आनखी फिरवली, आनखी, तव्हा चाक सुटलं, खर्र आलं, आबांसारखं डोळे मिटून ऐकलं मी. दुसरं चाकबी तसंच. आई दारातून म्हने, आबास्ले येवू दे ना माय, चाक काय पळी जाई ऱ्हायनं का?

आबा आले, बाजूले बसले, निघालो. गल्ली संपते तिथं केळीनं भरेल ट्रॅक्टर उभा. ब्रेक दाबला तं पाय सरळ खाली, काहीच नाही! आबा हळूच म्हने, पुन्हा मार. पुन्हा मारला, अजून एकदा मारला, गाडी थांबली तव्हा एक घड पुढच्या काचेले टेकेल. ट्रॅक्टरवाले नाना म्हने, काय वं पोरी, हाच घड पसंत पडला का? सगळे हसले, अन् टपरीवर काका उभा.

आबांनी माझ्याकडं नाही, हँडब्रेकच्या दांडीकडं पाह्यलं. म्हने, ब्रेक बसवला तव्हा ही वर व्हती का खाली? वर. ताई, तव्हा उजेड पडला. मागचे लायनर हँडब्रेकनंच दाबून धरेल, मी ऐकलं ते खर्र त्याचंच, दांडी सोडली का लायनर गेले दूर. आवाज बरोबर अन् काम चूक!

मनात म्हटलं, गेली गाडी. आबा म्हने, जॅक काढ. इथंच? इथंच. काका म्हने, भाऊ, मिस्त्रीले बोलाव ना. आबांनी माझ्याकडं बोट केलं, म्हने, आला ना, तो काय चाकाजवळ बशेल.

पुढच्या चाकांले दोन्हीकडून धोंडे लावले, गाडी न्यूट्रल, दांडी खाली, अन् एकेक खटका मोजत बसली मी. आबा नानांसोबत केळीच्या गप्पा मारू राह्यले, माझ्याकडं पाठ करून. मी म्हटलं आबा, ऐकता का जरा? म्हने, तुले ऐकू येतं ना?

मग रिकाम्या रस्त्यावर दहादा ब्रेक मारून पाह्यला, पायाखाली घट्ट लागे, तव्हा पाल गाठलं, आत्याचं कपाट, पलंग, कोठी, सगळं भरलं, घाट उतराले लागली. दुसऱ्या वळनावर इचारलं, आबा, ड्रम तापले असतील का हो? पाहते तं मान पडेल, तोंड उघडं, घोरू राह्यले! एसटीतबी डोळा न लावनारा मानूस, ताई! खरंच झोपले का नाटक व्हतं, इचारलं नाही, इचारनारबी नाही.

अन् आज सकाळी काका गिऱ्हाईक घेऊन आला. आबा म्हने, मले काय इचारता, गाडीवालीले इचारा.

आई म्हने, सुखी ऱ्हाय माय, पन जरा धीर धर. धरते ना, चार खटके धरते.

तुमच्यासोबत झालंय का हो असं, कान म्हने बरोबर अन् पाय सरळ खाली? हे वाचतील त्याइलेबी इचारा, अन् तव्हा बाजूले कोन बशेल व्हतं, तेबी इचारा.