सुदामच्या मॅडमचं नाव

आखातात, अल थुमामाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन ड्रायव्हर बोलत बसले होते.

“सुदाम, तुझी ती ग्रीक मॅडम बोलते का रं काही?”

“लई बोलते. नाव निकी. त्यांच्या जुन्या भाषेत नीके म्हंजी विजय. त्या नावाची पंखवाली देवीबी हाय म्हणं.”

“आसं?”

“तिच्या पोराचं नाव निकोलस, कामवालीचं युनिस. त्यांच्यातबी त्योच शब्द हाय. समुद्राकडनं गाडी चाललेली, पाणी नुसतं चमकत हुतं. मला वाटलं, समदीच त्या देवीवानी उडाय लागल्यात.”

“मग?”

“मग तिनं इचारलं, तुझ्या धाकट्या लेकीचं नाव काय?”

“सांगितलंस?”

“तीन पोरींवर चौथी झाली म्हणून आयनं नकुसा ठिवलं. नको असल्याली. कुठल्या तोंडानं सांगू?”

“मग काय म्हणालास?”

“विजया.”

“खोटंच की.”

“व्हय. आता मॅडम रोज इचारती, विजया कशी हाय? काल घरी फोन लावला, स्पीकरवरनं पोरीला हाक मारली, तर माझ्या तोंडातनं त्येच नाव गेलं.”

“मग पोरगी काय म्हणाली?”

“नकुसा म्हटलं तर धा हाका माराव्या लागत्यात. काल पयल्याच हाकंला ‘ओ’ दिली.”