शंख नेले तरी

नवऱ्यासाठी मुरमुऱ्यांची पुरचुंडी घेऊन शैवलिनी बंगालमधल्या तमलूकच्या तुरुंगापाशी भेटीच्या रांगेत उभी होती. पुढे दोघींचं चाललं होतं.

"गोऱ्या सरकारच्या नाकावर टिच्चून मीठ करायचो, मावशी. पोलीस दिसले की बायका शंख फुंकायच्या, गडी मिठासकट पसार!"

"मग?"

"दारोगानं घराघरातले शंख उचलून नेले. देव्हाऱ्यातलेसुद्धा!"

"मेल्याचे हात झडोत! आता गं?"

"आता लग्नात करतो तसं जीभ हलवून उलूलू करतो. गाव दणाणतं."

"तो गप्प बसला?"

"खवळला ना! सासूबाई म्हणाल्या, जीभही ने की. पण तोंडात हात घालताना दात सांभाळ!"

तेवढ्यात तोच दारोगा नवे कैदी घेऊन आला, बेड्या घातलेले. त्या दोघींनी तोंड उघडायच्या आत मागून शैवलिनीचा उलूलू घुमला.