राखेवर धरलेला हात

सुहृदहो, आणि पायऱ्यांवरच थांबलेल्या वस्तीकरांनो,

नेमके बोलणे हा माझा अभिमान. आज भागाबाईच्या शोकसभेत एकही वाक्य जागेवर बसत नाही. तरी बोलते.

भागाबाई लोणावळ्यातील आमच्या या तालीमघरात केर काढीत असे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मानमोडी तापाच्या साथीत, वडिवळे गावाच्या वरच्या वस्तीवर, तिचा नवरा आणि दोन मुले तीन दिवसांत गेली. त्या साथीवरच मी नृत्य बसवीत होते. शेवटी सर्व नर्तकी बाहू उंचावून उठत. मला ते निर्दोष वाटे. एके दिवशी भागाबाई केरसुणी टेकवून हसली.

"बाई, असं कोन उठतं? ह्या पोरी काय आंबं उतरवत्यात?"

मी रागावले. मग विचारले, तू कशी उठलीस?

ती खाली बसली. उजव्या हाताची मागची बाजू तिने जमिनीच्या वीतभर वर धरली. चुलीतल्या राखेत धग उरली आहे का, ते ती पाहत होती. एवढेच. माझ्या नृत्याचा शेवट मला सापडला.

सुतकात चूल पेटवत नाहीत. शेजारी जेवण आणतात. पण त्या वर्षी प्रत्येक घर सुतकात होते. शेजारी कोण? भागाबाईने राखेवर फुंकर घातली, पेज शिजवली, उरलेल्यांना पाजली. आबा, वस्ती आपल्या शब्दाने चालते; ती पेज आपणही प्यालात. आणि पुढे तिच्या चुलीतला विस्तव वस्तीतल्या एकाही घराने नेला नाही. सुतक मोडणारी म्हणून. मी आपल्याला क्रूर म्हणत असे. तो अधिकार आता मला उरलेला नाही.

कारण तिचा हात थरथरत असे. मला तो आठव्या मात्रेला स्थिर हवा होता. मुलींनी पाहून उचलावे म्हणून मी तिला पुन्हा बसवले. पुन्हा बसवले. बाहेर धुके दाराला टेकले होते. ती हळूच म्हणाली, "आता नगं, बाई. मी खाली बसली का तिगंबी मागं येऊन बसत्यात."

मी म्हणाले, "आणखी एकदा."

ती बसली. या खेपेस हात थरथरला नाही. मी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. चौथ्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. आजाराची खूण नव्हती, जखम नव्हती. भागाबाई चुलीपुढे भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेली होती, हात राखेत उताणा. सरपण रचलेले, काडेपेटी शेजारी. चूल तिने पेटवलीच नव्हती. राखेखाली मी हात घातला. तळापर्यंत थंड.

समोरच्या घमेल्यात तीच राख आहे.

आबा, आत या. माझ्या शेजारी उभे राहा. आपल्या दोघांची जागा आता एकच. सर्वांनी उभे राहून उजवा हात पुढे धरावा, उताणा. मात्रा मोजू नका. मीही मोजणार नाही. आणि कोणाचा हात थरथरला, तर कृपा करून तो थरथरू द्या.