सिंगापूरचा तळ

रामहरी : ...म्हणजे पक्षीसुद्धा नकोत? आबा, अहो नामी बाग आहे ती पक्ष्यांची. देशोदेशीचे पोपट एका ठिकाणी!

आबाजी : पोपट बघाया इमानात बसायचं? आरं लेका, आमच्या बोरीवर रोज सकाळी दीडशे येत्यात. तिकिटाबिगर. आन जाताना बोरं बी घेऊन जात्यात.

(सुप्याच्या अलीकडं, रानातल्या घराचा ओटा. साल सत्त्याण्णव. दोन वर्षांमागं आबाजीनं मेंढरं विकून डाळिंब लावलं, डाळिंबाला ठिबकच्या नळ्या घेतल्या, आणि त्या नळ्यांच्या सोडतीत त्याला चक्क दोन माणसांची, सात दिवसांची सिंगापूर-मलेशियाची सहल लागली. इंदापूरच्या दुकानातला रामहरी फॉर्म भरून घ्यायला आलाय. आबाजीची बायको गोजरबाई मटकी निवडतेय. हात सुपात, कान फॉर्मात.)

रामहरी : बरं, पक्षी खोडले. मग रात्रीचं प्राणिसंग्रहालय लिहू? अंधारात गाडीतून फिरवतात, जनावरं मोकळी दाखवतात.

आबाजी : रातीची जनावरं? ती मला दावणार? चाळीस वर्सं मेंढरांच्या कडंला निजलोय मी. वरंधा घाटात एका थंडीत लांडगा माज्या घोंगडीत शिरला. रातभर निजला. सकाळी उठला, आळस दिला, माज्याकडं बघितलं आन लाजून निघून गेला.

गोजरबाई : तुमच्या जोडीदाराचं, कुंडलिकाचं कुत्रं हुतं ते.

आबाजी : तू बघितलंस?

गोजरबाई : सकाळी चतकोर मीच टाकली त्याला. लाजलं न्हाय. आणखी मागत हुतं.

रामहरी : आबा, मग समुद्राखालचा काचेचा बोगदा. आपण चालायचं आणि डोक्यावरनं मासे जातात.

आबाजी : मासं पायाखाली शोभत्यात, डोक्यावर न्हाय. आन समिंदर काय मला नवा? दिवाळी झाली की आमी कोकणात उतरायचो. माजा एक मेंढा हुता, शिंगं अशी, बैलगाडीच्या चाकावाणी. त्यानं एकदा समिंदराला तोंड लावलं तर पाणी वीतभर खाली गेलं. होड्या वाळूवर बसल्या. कोळी आलं की भांडायला!

रामहरी : काय सांगता!

गोजरबाई : तुमी बी काय तोंड उघडं टाकून ऐकताय, पावनं? मेंढरू खारं पाणी हुंगत न्हाय. नळ्या इकता का डोस्कं गहाण ठिवून बसता दुकानात?

रामहरी : बरं, शेवटचं. मलेशियात आभाळाला टेकेल अशी इमारत उठलीय. वर नेतात.

आबाजी : वरनं काय दिसतं?

रामहरी : सगळं शहर दिसतं.

आबाजी : म्हंजी खालचंच. ते बघाया वर कशाला मरायचं?

रामहरी : आबा, मला चारची एसटी गाठायचीय. ठिकाणं मागनं लिहू. आधी नावं सांगा. तुमचं घातलं. सोबत कोण?

आबाजी : कुंडलिक. लोणी भापकरचा. माजा जोडीदार हाय.

रामहरी : कुंडलिक? लोक मिसेसचं नाव देतात, आबा.

आबाजी : ती येणारच की! तिचं नाव कशाला लागतंय? मी आन कुंडलिक मेंढरं घेऊन पुढं निघायचो, तळाची जागा बघायचो. बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून सांजंपतुर मागनं यायच्या. आता मेंढरं न्हाईत, एवढाच फरक.

रामहरी : अहो, विमानाच्या मागनं घोडं कसं येईल? दोनच सीट आहेत. दोनच.

आबाजी : दोनच? मग...

गोजरबाई : बोला की. मग काय?

आबाजी : तसं न्हवं गं. कुंडलिकाला वाटंची माहिती असती.

गोजरबाई : सिंगापूरच्या?

आबाजी : वाटा सगळ्या सारख्याच.

गोजरबाई : व्हय, चुकणारी माणसं बी सारखीच. महाडाला जायाचं म्हणून निगाला आन तिसऱ्या दिशी परत भोरात! दोनशे मेंढरं माज्या तोंडाकडं बघत हुती. त्यास्नी बी लाज वाटली आसंल.

आबाजी : धुकं हुतं त्या दिशी.

गोजरबाई : डोसक्यात. पावनं, तुमी ऐका. ह्यांनी तळ कुसळात टाकला, तितं मी चूल मांडली. दलदलीत टाकला, तितं मांडली. छकुली झाली ती पाटसच्या माळावर. तिसऱ्या दिशी घोड्यावर एका अंगाला कोंबड्यांची डालगी, दुसऱ्या अंगाला पोर, चला म्होरं! चाळीस वर्सांत एकदा तरी ह्या माणसानं इचारलं का, गोजरे, आज हितंच ऱ्हायाचं का?

आबाजी : म्होरक्या बायकांस्नी इचारत बसला, तर मेंढरं उपाशी मरतील.

गोजरबाई : आन आता कुठली मेंढरं मरत्यात? डाळिंबं चरायला सोडताय का?

रामहरी : आबा... जरा थांबा. सोडतीचं कूपन फॉर्मला लावायचं म्हणून काढलं मी. यावर तुमचं नाव नाही.

आबाजी : मग काय कुंडलिकाचं हाय?

रामहरी : गोजरबाई आबाजी कोकरे.

आबाजी : आं?

गोजरबाई : आं काय? दुकानात तुमीच फिस्कारलासा न्हवं, "असल्या चिठ्ठ्यांवर नाव घालाया मी काय येडा हाय? हिचं घाला!" पाच माणसं हसली. मी बी हसले.

आबाजी : ते चेष्टेनं म्हणलो हुतो मी.

रामहरी : दुकानानं चेष्टेनं लिहिलं नाही, आबा. आमच्या नियमात कूपनवर नाव ज्याचं, तो पहिला प्रवासी. म्हणजे मावशी. सोबत कोण, तेही त्याच सांगणार.

गोजरबाई : मग लिवा. फुलाबाई. कुंडलिकाची बायकू.

आबाजी : आन मी?

गोजरबाई : डाळिंबाला पाणी कोण सोडंल? कुंडलिकाला घ्या जोडीला. बोरीवरचं पोपट मोजा दोघं.

आबाजी : गोजरे, आसं करू नगं. मी सुप्याच्या बाजारात समद्यांस्नी सांगून बसलोय.

गोजरबाई : काय सांगितलंय?

आबाजी : की जाणार हाय म्हणून.

गोजरबाई : आणखी?

आबाजी : की... तितल्या राजानं बोलीवलंय.

रामहरी : राजा? आबा, तिथं राजा नसतो.

आबाजी : सुप्यात कुणाला ठावं हाय?

गोजरबाई : बघितलंत, पावनं? ह्यास्नी मागं ठिवलं तर मी परत येईस्तवर राजाला आजारी पाडतील आन सोताला गादीवर बसवतील. ऱ्हाऊ द्या फुलाबाई. लिवा ह्यांचंच. पर बघायचं काय, ते मी सांगीन. ह्यांनी त्वांड उघडायचं न्हाय.

रामहरी : सांगा, मावशी. पक्षी? मासे?

गोजरबाई : सात दिसांत बिऱ्हाड किती बारी हलतंय?

रामहरी : हॉटेल होय? तीनदा बदलतं. दोन रात्री सिंगापूर, मग पहाटे बस, मग—

गोजरबाई : थूत तुमच्या सहलीवर! इमानात बसून बी पहाटं बोचकीच बांधायची? समदे दिस एका जागी ऱ्हाता येतंय का न्हाय, ते सांगा.

रामहरी : येतं. तशी सोय करता येते. पण मलेशिया जाईल हातचा. तिथलं काहीच बघून होणार नाही.

गोजरबाई : जाऊ द्या. तितं च्या कोण करतंय?

रामहरी : हॉटेलची माणसं. खोलीत आणून देतात. अंथरूणसुद्धा तेच आवरतात, रोज.

गोजरबाई : रोज?

रामहरी : रोज. चादर बदलून.

गोजरबाई : मग ते बघायचं हाय मला. मी खुर्चीत बसलेय आन दुसरं कुणीतरी अंथरूण आवरतंय, ते.

रामहरी : मावशी, याला फॉर्ममध्ये रकाना नाही हो.

गोजरबाई : मग पोपट, मासं, ती उंच इमारत, समद्यावर काट मारा. जागा हुईल तितं लिवा.

आबाजी : आगं, सात दिस एका जागी? पाय आखडतील माजं. सकाळी उठून जायाचं कुठं?

गोजरबाई : कुठं बी न्हाय.

आबाजी : मग उठायचं तरी कवा?

गोजरबाई : जाग आल्यावर.